मी ‘गा’त, बायको ‘ना’त

मी बोलतोय. इकडे बघा, वर. बटबटीत डोळ्यांचा, सुळे बाहेर काढलेला, बिननाकाचा हा खांब दिसतोय ना, तोच मी. बामगोल गावच्या वेशीवरचा जांगसुंग. लाकडाचा असलो तरी रागावता येतं मला, आणि आज मी रागावलोय. हसत हसत सांगेन, पण त्याने माझा राग कमी झाला असं समजू नका.

माझ्या छातीवर अक्षरं कोरली होती, ‘त्रिभुवनाचा महासेनापती’. माझी शाळा तेवढीच. त्यापुढचं एक अक्षर मला येत नाही, आणि येतात तीही वरून वाकून उलटी वाचावी लागतात. पण पदवी बघा केवढी! माझ्या शेजारी उभी आहे ती माझी बायको. तिच्या छातीवर होतं ‘पाताळाची महासेनापतीण’. म्हणजे वरचं सगळं माझं आणि खालचं सगळं तिचं. मध्ये जे काही उरतं ते गावाचं, असा आमचा समज होता.

मी मूळचा डोंगरावरचा पाइन. योम नावाच्या सुताराने मला मुळासकट उपटलं आणि उलटा उभा केला. शेंडा जमिनीत, मुळं आभाळात. त्या मुळांचे माझे हे पिंजारलेले केस झाले. लोक म्हणतात, जांगसुंगाला सगळं उलटं दिसतं. अहो, मला सरळच दिसतं. उलटं काय आहे ते पुढे येईलच.

योमची बायको मालसुक. त्या दिवशी ती अंगणात उभी राहून नवऱ्यावर ओरडत होती, “घरात चुलीला सरपण नाही, आणि एवढं लाकूड घेऊन बाहुल्या कोरत बसलास?” योम गालातल्या गालात हसला आणि त्याने समोरचं ते उघडं तोंड जसंच्या तसं दुसऱ्या ओंडक्यावर उतरवलं. झाली माझी बायको तयार. योम जाऊन बरीच वर्षं झाली. मालसुक आता आजी झाली, गुडघ्यांनी अधू झाली, पण ते तोंड आपलं आहे हे अजून कबूल करत नाही. गाव मात्र दोघींना एकदमच घाबरतं.

आम्हाला गावाबाहेरच्या वळणावर उभं केलं. शेवटचं मिरचीचं शेत संपतं तिथे. काम सोपं होतं. देवी, पटकी, भूत, चोर, कोणी आलं की डोळे वटारायचे. नव्या वर्षाच्या पहिल्या पुनवेला गाव आमच्यापुढे त्तोक, म्हणजे तांदळाची वाफवलेली वडी ठेवायचं, तांदळाच्या दारूचा, माक्कोल्लीचा वाडगा पायाशी ओतायचं. मूल होत नसलेल्या बायका गुपचूप येऊन माझं नाक खरवडायच्या आणि ती पूड पाण्यातून प्यायच्या. माझ्या नाकाचं काय झालं ते आता कळलं ना? निम्मं बामगोल त्या नाकातून जन्मलंय. माझं नाक कापायची धमकी कोणी देऊ नये, ते कधीच वाटून झालंय.

मग रस्ता रुंद झाला. ट्रक धावायला लागले. गावचा कारभारी ताक गीसू, स्वभावाने बरा, पण गर्दी बघून फुलणारा. त्याने ठरवलं की आम्हा दोघांना गावाच्या मधोमध, सभागृहासमोर आणून उभं करायचं. “ट्रकने उडवलं तर काय करता? आणि शहरातले पाहुणे येतात, फोटो काढतात. वळणावर कोण थांबतंय?”

मालसुक म्हणाली, “हद्द तिकडे आणि हद्दीचा राखणदार इकडे? हे बरं नव्हे, कारभारी.”

“हद्द काय पळून जातेय, काकू?”

हे वाक्य लक्षात ठेवा.

जांगसुंगाला विधीशिवाय हात लावला तर हात लावणारा आजारी पडतो, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. म्हणून रीतसर पूजा केली, माक्कोल्ली पाजली, आणि वेशीवरच्या पहारेकऱ्याला उचलून माजघरात बसवलं. बायको रस्त्याच्या खालच्या अंगाला, मी वरच्या अंगाला.

मधोमध उभं राहिलं की माणसं जवळून दिसतात. पिऊन घरी निघालेला प्रत्येक पुरुष आधी मला मिठी मारतो, मग बायकोच्या तोंडाकडे बघतो आणि शुद्धीवर येतो. निवडणूक आली की उमेदवार दिसेल त्याच्यापुढे कमरेत वाकतात. एकाने मला वाकून नमस्कार केला, कार्ड पुढे धरलं आणि मी घेत नाही असं बघून पुन्हा वाकला. मी मत द्यायला तयार होतो हो, यादीत नाव नव्हतं.

त्या गडबडीत एकच बाई न वाकता निवडून यायची. बांगबाई. ती आमच्या वरच्या आळीतल्या दवाखान्यात परिचारिका होती. निवृत्त झाली आणि गावाने तिला परिषदेत पाठवलं. परिषद दरवर्षी म्हणायची, एवढ्याशा गावाला दवाखाना कशाला, बंद करा. आणि दरवर्षी बांगबाई उभी राहून असा आवाज लावायची की अध्यक्ष पाणी मागायचे. दवाखाना चालू राहायचा. मालसुकच्या गुडघ्यातलं इंजेक्शन तिथेच मिळायचं. गाव लहान होतं, पण दोन्ही आळ्या एक झाल्या की बांगबाई निवडून यायचीच. परिषदेतल्या काही जणांना हे गणित पाठ होतं.

आणि मग प्यो साहेब आले.

प्रभागांच्या हद्दी नव्याने आखणाऱ्या समितीचे ते अधिकारी. आडनाव बघा, प्यो. आमच्याकडे मतालाही प्योच म्हणतात. नावात मत, आणि आले मतं फोडायला! मिरची तोडणीचे दिवस होते, सगळं गाव शेतात. साहेबांनी गाडीतून उतरून इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग आम्हाला पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाले, “हे बघ, जांगसुंग. म्हणजे गाव इथे संपतं. इथून पुढे दुसरं गाव.”

अहो! साहेबांच्या डाव्या हाताला सभागृह, उजव्या हाताला किराणा दुकान, मागे बसथांबा. गाव संपतं म्हणे! मी डोळे वटारले. माझे डोळे कायमचेच वटारलेले असल्यामुळे त्यांच्या काही लक्षात आलं नाही. हातातलं यंत्र माझ्या पोटाला टेकवून त्यांनी जागा टिपली आणि गेले.

हिवाळ्याच्या तोंडाशी फलक लागला. रस्त्याच्या वरची आळी ‘गा’ प्रभागात. खालची आळी ‘ना’ प्रभागात. आमच्या मुळाक्षरांतली पहिली दोन अक्षरं ही, पण अक्षरांना अर्थही असतात. तुमच्याकडे ‘गा’ म्हणजे गाणं म्हणा. आमच्याकडे ‘गा’ म्हणजे ‘जा’. आणि ‘ना’ म्हणजे ‘मी’. वरच्या आळीला सांगितलं जा, आणि खालच्या आळीला प्रत्येकाने आपापलं मी-मी करत बसा. आणि आमच्या दोघांच्या मधून रेषा! मी ‘गा’त, बायको ‘ना’त. ती पलीकडून म्हणाली, “आता घोरलास तरी माझ्या प्रभागात ऐकू येता कामा नये.”

हसलो मी. पण हिशेब मांडला तेव्हा हसू थांबलं. दवाखाना आणि बांगबाई वरच्या आळीत. मालसुक आणि बांगबाईची निम्मी मतं खालच्या आळीत. दोन तुकडे दोन मोठ्या गावांच्या शेपटाला बांधलेले. बांगबाई पडणार, आणि ती पडली की दवाखान्याला कुलूप. हे लाकडालासुद्धा कळत होतं.

हरकती ऐकायला प्यो साहेब सभागृहासमोर बसले. कोबी तिखटामिठात मुरवून किमची घालायचे दिवस, बायका तशाच मिरचीने लाल झालेल्या हातांनी आल्या. मालसुक सगळ्यांत पुढे.

“साहेब, माझं घर ‘ना’त आहे. रस्त्यापलीकडे ऊन चांगलं म्हणून माझे रांजण ‘गा’त आहेत. आता किमची काढायला परवाना लागेल का?”

“आजी, थट्टा नको. हद्द जांगसुंगापाशी असते. हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं.”

“शाळेतल्या पोरांनी विचारलं असतं, ‘आजी, हा खांब इथलाच का?’ तुम्ही कोणाला विचारलंत?”

साहेबांनी कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभारी बुटाच्या टोकाकडे बघत होता.

“सांग की रे!” मालसुक ओरडली. “आडनाव ताक आहे म्हणून भांडं लपवू नकोस!”

“आम्हीच हलवले, साहेब,” ताक गीसू म्हणाला. “रस्ता झाला तेव्हा. मूळ जागा खाली वळणावर आहे.”

“मग हद्द हलवली ते कळवायचं होतं.”

“हद्द कुठे हलवली? खांब हलवला!”

“आमच्या दृष्टीने एकच.”

“एकच?” मालसुकचा आवाज एकदम मऊ झाला. माझी बायको पलीकडे सावध झाली, कारण त्या तोंडातून मऊ आवाज आला की काय होतं हे तिला ठाऊक. “म्हणजे खांब परत वळणावर नेला तर हद्दही परत वळणावर?”

साहेबांना जेवायची घाई होती. “न्या की, आजी,” ते हसून म्हणाले. “जिथे जांगसुंग तिथे हद्द. झालं समाधान?”

सगळ्या गावाने ऐकलं. मी तर ऐकलंच, मला कान नसले म्हणून काय झालं?

पहिल्या पुनवेला गावाने आम्हाला हलवलं. मालसुक दुखऱ्या गुडघ्यांनी त्तोक करून घेऊन आली. ढोल वाजले, माक्कोल्ली माझ्या तोंडावर ओतली, तीही नेहमीच्या मापाने नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नवराबायको शेजारी शेजारी आडवे. इतक्या वर्षांच्या संसारात आम्ही पहिल्यांदाच एका बिछान्यावर! “सरक तिकडे,” ती म्हणाली. वाटेत ‘गा’ संपलं, ‘ना’ संपलं आणि आम्ही आमच्या वळणावर पुन्हा उभे राहिलो, या वेळी रस्त्याच्या एकाच बाजूला. समोर वारा, मागे अख्खं गाव. वाटलं, झालं एकदाचं. रेषा आमच्या पाठोपाठ येईल.

ताक गीसू तालुक्याला जाऊन कळवून आला. आला तो मान खाली घालून.

“साहेब म्हणाले, रेषा संगणकात गेली. आता खांब हलला म्हणून हद्द हलत नाही.”

सांगा मला! तुम्ही शिकलेली माणसं आहात, मला तर छातीवरचीच अक्षरं येतात. मी ट्रकच्या भीतीने सरकलो तर माझ्या मागे हद्द धावली. मी माझ्या जागी परत आलो तर हद्दीचे पाय मोडले? ती फक्त गाव कापायलाच चालते का? उलटं उभं केलं मला, आणि डोकं फिरलंय यांचं! बरं, यंत्र टेकवलं माझ्या पोटाला, म्हणजे कापाकापीत माझी साक्ष. राखणदाराच्या हातात सुरी देऊन घर कापायचं, आणि वर म्हणायचं, नियम आहे. देवी परवडली. ती निदान चेहरा बघून यायची.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला निवडणूक झाली. वरच्या आळीची मतं एका मोठ्या गावात विरघळली, खालच्या आळीची दुसऱ्यात. बांगबाई पडली. परिषदेत यंदा आवाज लावायला कोणी नव्हतं, अध्यक्षांना पाणी लागलं नाही. दवाखान्याला कुलूप लागलं.

आता इंजेक्शनसाठी मालसुकला बसने तालुक्याला जावं लागतं. बस नव्या नियमाने या वळणावर थांबते. ती काठी टेकत येते, माझ्या बायकोच्या पायाशी बसते, आणि दोघी सारख्याच तोंडाने रस्त्याकडे बघत राहतात.

एक दिवस ती आली ती योमची पटाशी पदरात घेऊन. म्हणजे जाकिटाच्या खिशात हो, आमच्याकडे पदर नसतो. बस आली, गेली, ती चढली नाही. आधी बायकोच्या छातीवर ठोकत बसली, मग माझ्या. धाप लागली की थांबायची. “उघडं लाकूड बघून तुझा हात शिवशिवायचा ना, म्हाताऱ्या,” असं कोणाला तरी म्हणायची. योमसारखा सफाईदार हात नाही तिचा, दुखलं मला. ‘त्रिभुवनाचा महासेनापती’ पुसून टाकलं आणि त्या जागी एकच मोठं अक्षर कोरलं.

मला वाचता येईना. “काय लिहिलंय गं?” मी बायकोला विचारलं.

“तुझ्यावर ‘गा’. माझ्यावर काय?”

मी डोळे ताणले आणि अंदाजानेच म्हणालो, “बहुतेक ‘ना’. म्हणजे हरलो आपण? त्यांचीच नावं छातीवर मिरवायची?”

 बायकोचं ते कोरलेलं तोंड मला प्रथमच हसल्यासारखं वाटलं.

परवा प्यो साहेबांची गाडी आली. कोणीतरी तक्रार केली होती म्हणे, की बामगोलच्या जांगसुंगांवर काहीतरी वेडंवाकडं लिहिलंय. मालसुक बसची वाट बघत बसलेली. साहेब खाली उतरले.

“आजी, हे काय?”

“तुम्हीच दिलेली नावं, साहेब. आम्ही जपून ठेवली. ही ‘ना’, हा ‘गा’. तुम्ही आम्हाला वेगवेगळं केलंत, आम्ही शेजारी शेजारी उभं केलं. तुम्ही येताना पहिल्यांदा हिला बघता, मग याला. वाचा की एका दमात.”

साहेबांनी वाचलं. ओठ हलले त्यांचे.

‘नागा.’

आमच्याकडे याचा अर्थ शाळेतल्या पोरांनाही माहीत असतो. चालता हो.

साहेब लाल झाले, किमचीपेक्षा लाल. “हे काढून टाका!”

“काढा की,” मालसुक म्हणाली. “पण विधीशिवाय हात लावला तर काय होतं ठाऊक आहे ना? आणि आजारी पडलात तर आमच्याकडे दवाखाना नाही हं.”

गाडी तोंड फिरवून गेली.

कुलूप अजून तसंच आहे, रेषाही तशीच आहे. माझ्या लाकडाला आता खालून ओल लागलीय, फार हिवाळे काढीन असं नाही. पण एक मागणं आहे. उद्या तुमच्याही वेशीत कोणी यंत्र घेऊन उतरेल, आणि तुम्ही शेतात असाल. तर निदान एकाला घरी ठेवा, मोठ्या तोंडाचं. मी पडलो तर मला जाळा, पुरा, सरपणाला फोडा, मालसुकला कधीपासून तेच हवंय. पण नवा खांब उभा कराल तेव्हा त्याच्या छातीवर सेनापती-बिनापती काही कोरू नका. ‘गा’ एवढंच पुरे. आणि त्याच्या शेजारी माझ्या बायकोला राहू द्या. ‘ना’ आधी लागतो ना वाचायला.