वाळूवरची साय

सूनबाईने टाकीचं झाकण उचललं आणि ते तिच्या हातातच राहिलं.

पाण्याखालची वाळू पांढरीशुभ्र दिसत होती. काल संध्याकाळपर्यंत तिच्यावर हिरवट, बुळबुळीत थर होता, आता त्याचा मागमूस नव्हता. कडेवरच्या छकुलीने वाकून पाहिलं आणि आनंदाने हात पुढे केला.

वाडीच्या वरच्या अंगाला ही टाकी बसवली तेव्हा फिटरने तिला समोर उभं करून सांगितलं होतं, "वहिनी, ओढ्याचं पाणी वरून येणार, वाळूतून झिरपणार आणि खालच्या नळाला येणार. पण खरं काम एकट्या वाळूचं नाही. वाळूवर एक थर धरेल, दुधावर साय धरते ना, तसा. दिसायला ओंगळ, पण पाण्यातली रोगराई तोच खातो. धरायला दोन-तीन आठवडे घेतो. तोवर पाणी उकळून प्या. आणि एकदा साय धरली, की तिला पोटच्या पोरीसारखं जपा."

तिने जपलं होतं. गेल्या वर्षी ओढ्याच्या पाण्यामुळे थोरल्या पोराला जुलाबांनी असं धरलं होतं, की दवाखान्याकडे डोंगर उतरताना तो तिच्या खांद्यावर हलका हलका होत गेला. पोरगा वाचला, पण ते हलकेपण तिचा खांदा अजून विसरला नव्हता. म्हणून तर टाकीची राखण तिने आपणहून मागून घेतली होती. आता छकुलीला अंगावरचं दूध पुरेना, वाटीने पाणी पाजायला सुरुवात झाली होती. याच नळाचं.

ती घरी आली. सासूबाई अंगणात काथ्याने भांडी घासत होत्या. वाडीत त्यांना आरसाकाकू म्हणत, कारण त्यांनी घासलेल्या तांब्यात बघून भांग पाडता येई.

"आई, टाकी कुणी उघडली होती?"

"मी. का?" सासूबाईंचा चेहरा उजळला. "आज टाकीच्या पाहणीला माणसं यायचीत ना? म्हटलं, बघावं तरी. अगं बाई, काय ते शेवाळ! म्हशींचं डबकं बरं! पहाटे उठून सगळा थर खरवडला, वरची वाळू उपसली, खळखळून धुतली, परत घातली. कंबरेचा काटा ढिला झाला, पण लख्ख झालीय की नाही?"

"मी म्हटलं होतं ना, हात लावू नका म्हणून."

"तुम्ही आजकालच्या मुली आळसालाही नियम म्हणता."

हात लावू नका, एवढंच सूनबाई म्हणाली होती. का, ते सांगायचं तिला सुचलंच नव्हतं. आईंना काय कळणार त्यातलं, असं वाटलं असेल. किंवा त्या ऐकणार नाहीत, असं. मग तिने तिथेच उकिडवं बसून सगळं सांगितलं, साय, रोगराई, आठवडे.

सासूबाईंच्या हातातला काथ्या थांबला.

"म्हणजे ती घाण... काम करत होती?"

"हो."

"हिला पाजलंस का आज?"

"अजून नाही."

सासूबाईंनी नातीच्या पावलाला हात लावला. "कुणाला सांगू नकोस गं. आरसाकाकूनेच पाणी नासवलं म्हणतील. तोंड दाखवायला जागा उरायची नाही."

खालून कळश्यांचा आवाज यायला लागला. बायका नळावर जमत होत्या. गप्प राहावं, तर कुणाचं तरी मूल हलकं होणार. बोलावं, तर या बाईची जन्मभराची एकच मिरास, स्वच्छतेचं नाव, जाणार. सूनबाईने छकुलीला सावरलं आणि ती भराभर खाली उतरली.

नळासमोर आडवी उभी राहत ती म्हणाली, "थांबा गं. हे पाणी उकळल्याशिवाय प्यायचं नाही. साय पुन्हा धरेपर्यंत."

"पुन्हा म्हणजे? कालपर्यंत तर होती," शिंपीणबाई म्हणाली. तिची जीभ तिच्या कात्रीपेक्षा धारदार होती.

"टाकी धुतली गेली. माझ्याकडून. चूक माझी."

"कमाल झाली! तुला राखायला ठेवली होती ना? कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं. राखण दुसऱ्या कुणाला तरी द्या बाई." शिंपीणबाई वर जाऊन झाकण उचलून बघून आली. "आणि धुतलीय तरी कशी बघा! नावाला एक काळा कण नाही."

"हिने?" मागून आवाज आला. सासूबाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कुणाला कळलं नव्हतं. "हिने धुतलीय? हिला साधं तव्याचं बूड घासता येत नाही! ते काम माझं आहे."

मग कुणीतरी फिस्सकन हसलं आणि हसू कळश्याकळश्यांतून पसरत गेलं. सासूबाईंचा चेहरा लालबुंद झाला, पण शब्द मागे घ्यायला त्या कबूल नव्हत्या.

"हसा, हसा. मला घाण वाटली, मी घासली. पोरीने जपलं होतं, मी घालवलं. काय बोलायचं ते मला बोला. आणि राखण हिच्याकडेच राहील."

"तरीच म्हटलं," शिंपीणबाई हसू आवरत म्हणाली, "सुनेच्या हाताला ही चकाकी कुठून आली!" आणि तिने आपली कळशी उकळायला लागणाऱ्या सरपणाच्या हिशेबाने अर्धीच भरली.

दुपारी पाहणीला माणसं आली. फिटरने झाकण उघडून कपाळावर हात मारला. सासूबाईंनी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "उकळलेलं आहे. पी, आणि त्या सायीचं मलाही नीट सांग."

त्यानंतर रोज सकाळी त्या टाकीवर जायच्या आणि झाकणातून वाकून बघताना दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरायच्या. हातांचा त्यांना भरवसा नव्हता. चुलीवर पाण्याचं पातेलं आणि छकुलीसाठी उकळलेल्या पाण्याची वाटी वेगळी, असे ते आठवडे गेले.

एका सकाळी वरून हाक आली, "सूनबाई, धरली गं! ये, बघ तरी, कसली घाणेरडी झालीय!" सूर असा, जणू नातीला दात आला होता.

फिटरने येऊन पाणी तपासलं आणि मान डोलावली. सूनबाईने नळाखाली वाटी धरली. छकुली एक घोट प्यायली, अर्धी वाटी अंगावर सांडली आणि तिने आणखी मागितलं. सूनबाईने तिला खांद्यावर घेतलं. चांगली जड लागली.