चौदाव्या भिंतीतले आठ खिळे

मी खिडकी बोलतेय. सहा काचांची, पाइनच्या चौकटीची. मिनेसोटाच्या माळावर आमची काउंटी वसत होती, तेव्हा तिथली एकुलती एक.

इथे जमीन घ्यायला आलेल्या एझ्रा टटलने मला रजईत गुंडाळून बैलगाडीतून आणले. गवत इतके उंच होते, की गाडी पाण्याखालून चालल्यासारखी भासे. ज्यांची ती भूमी होती, त्या डकोटा आदिवासींना पश्चिमेकडे लोटले गेले होते. त्यांची साक्ष कोणी घेतली नाही.

सरकारी जमीन नावावर व्हायची, तर झोपडीला काचेची खिडकी हवी आणि ती पाहिल्याची शपथ दोन शेजाऱ्यांनी घ्यायला हवी. ती खिडकी तिथेच राहावी, असे मात्र कोठे लिहिलेले नव्हते. म्हणून सकाळी मला भिंतीच्या भोकात टेकवत, शेजारी शपथ घेत आणि संध्याकाळी मी पुढच्या झोपडीकडे निघे. मागे भोकावर लावलेला तेलकट कागद फडफडत राही. अशी मी तेरा घरे केली.

चौदावे मारितचे. नॉर्वेहून आलेल्या या बाईचा नवरा हिवाळ्याच्या सुरुवातीलाच तापाने गेला होता. गुरुवारपर्यंत साक्ष झाली नाही, तर जमीन दुसऱ्याची होणार होती. साक्षीला एझ्रा आणि शेजारचा हाल्वोर आले. एझ्राने मला टेकवताच मारितने हातोडा उचलला आणि आठ खिळे ठोकले.

"अहो मारितबाई, उद्या ही हाल्वोरकडे जायचीय!"

"बायबलवर हात ठेवून खिडकी आहे म्हणणार ना? मग असू दे."

"तेरा जणांनी परत दिली. तुम्हीच मोठ्या धर्मात्मा लागून गेलात!"

"मग नका देऊ साक्ष."

मारितने सुरीने माझी खालची एक काच सोडवली आणि हाल्वोरच्या हाती ठेवली.

"घे. तुझीही शपथ खोटी नको."

"वहिनी, एवढ्याशा काचेतून दिसणार काय?"

"शेजार दिसेल. तेवढं पुरे."

हाल्वोरने टोपी काढली. "मी देतो साक्ष." एझ्रा पुटपुटला, पण त्याच्यामागोमाग गेला.

वसंतापर्यंत आणखी चार काचा चार घरी गेल्या. मारितचे घर अंधारले. संध्याकाळी मात्र माळावर दूरदूर पाच लहान उजेड लागत. आजही डुलकी लागली, की मी सहा ठिकाणांहून एकदम पाहते.

आता मी गावच्या संग्रहालयात आहे. काच एकच उरली आहे. खाली पाटी आहे: 'पहिली खिडकी'. जमीन कचेरीच्या जुन्या कागदांत मात्र मारितच्या घराआधी तेरा खिडक्या आहेत; त्या साऱ्या मीच. ते कागद जरूर वाचा. विश्वास चौदाव्या नोंदीपासून ठेवा. पंधराव्यातली, हाल्वोरची, खिडकी एकाच काचेची होती, पण ती होती.