बातम्या मोजणारी पट्टी

मित्रांनो, तुमच्या कंपासपेटीत प्लास्टिकची पट्टी असते ना, तिची मी थोरली बहीण समजा. मी पोलादाची, फूटभर लांब, एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला सेंटीमीटर. वयाने बरीच जुनी. तुमच्यासारख्या मुलांच्या हाती मी कधी पडलेच नाही, त्यामुळे माझ्यावर कुणी आपलं नाव कोरलं नाही की माझी तलवार करून वर्गात लढाई केली नाही. मी आयुष्यभर बातम्या मोजल्या.

हसू नका. बातम्याही मोजतात.

कारखान्यात पत्र्यातून कापून काढल्यावर माझ्या अंगावर रेघा कोरल्या आणि त्यांत काळा रंग भरला. मग स्टेशनरीच्या दुकानातून मला भिंतींचे रंग बनवणाऱ्या एका कंपनीच्या जनसंपर्क विभागाने विकत घेतलं. तिथे एक मुलगी नुकतीच नोकरीला लागली होती. रोज सकाळी तिने वर्तमानपत्रं चाळायची, कंपनीचं नाव आलेली बातमी कापायची आणि मला लावून तिची लांबी मोजायची. महिनाअखेरीला सगळी बेरीज साहेबांच्या टेबलावर. बेरीज वाढली की साहेब खूश.

एकदा एका शाळेच्या नव्या कोऱ्या रंगाचे पोपडे निघाले. सगळ्या वर्तमानपत्रांनी ते फोटोसकट छापलं. त्या महिन्याची बेरीज कधी नव्हे एवढी आली.

"साहेब, या बातम्या आपल्या विरोधातल्या आहेत," मुलगी म्हणाली.

"असू दे की. लांबी बघ ना केवढी आहे."

तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला तो तेव्हापासून. बातमी किती लांब, हे मी सांगत होते. ती कुणाच्या बाजूची, तिच्यात बातमीदाराचं किती आणि कंपनीने लिहून पाठवलेल्या प्रसिद्धीपत्रकातलं किती, हे कोण सांगणार? पुढे ती शिकली, तिचं लग्न झालं, मुलगी झाली, नवरा अकाली गेला आणि एका विद्यापीठाच्या जनसंवाद विभागात तिला शिकवायचं काम मिळालं. कंपनीतून निघताना तिला फुलदाणी देणार होते. तिने फुलदाणीऐवजी मला मागून घेतलं. साहेबांना वाटलं, बिचारीला काही मागताच येत नाही.

आता ती प्राध्यापिका झाली, म्हणजे मलाही अहोजाहो करणं भाग आहे. सगळे त्यांना बाई म्हणत, मीही बाईच म्हणते. बाईंची नोकरी कंत्राटी होती. उन्हाळा आला की करार संपायचा आणि पुन्हा होईल की नाही या घोरात सुट्टी जायची. अशा नोकऱ्यांपायी लेकीच्या तीन शाळा झाल्या होत्या. आता चौथी नको, एवढंच बाईंचं मागणं होतं.

विभागात एक सर होते. पूर्वी बरीच वर्षं बातमीदारी केलेले, म्हणून त्यांना बातमीदार सर म्हणत. जनसंपर्कवाल्यांना ते पाण्यात पाहायचे. विभागाच्या लांब टेबलावर चहा आला की दोघांची जुंपायची.

"तुम्ही लोकांनी बातमीला पावडर लावून पाठवायची आणि आम्ही ती छापायची," सर म्हणायचे.

"छापता कशाला मग? धुऊन घ्या तोंड तिचं," बाई म्हणायच्या.

असं भांडता भांडता एकदा विभागप्रमुख म्हणाले, "नुसतं भांडू नका, शोधून काढा." दोघांनी मिळून संशोधन हाती घेतलं. विषय तोच, बाईंच्या डोक्यातला. वार्षिक परिसंवादात ते नीट उभं राहिलं तर बाईंचं नाव कायम जागेसाठी पुढे पाठवायचं, असंही प्रमुखांनी कबूल केलं.

आता या कामाची रीत ऐका. बातमी अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ, हे एकट्याने ठरवून चालत नाही. दोन वाचक नेमायचे. दोघांनी तीच कात्रणं वेगवेगळी वाचायची, मोजायची, आपापला शेरा लिहायचा. एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. दोघांचे शेरे बऱ्यापैकी जुळले, तर काम विश्वासाचं.

जाहिरात पाहून दोन बाया आल्या. एक निवृत्त मुद्रितशोधक, तिला सरांनी नेमलं. दुसरी पूर्वीची शिक्षिका, तिला बाईंनी नेमलं. आडनावं वेगळी. दुसऱ्या वाचकाशी चर्चा नाही, ही अट दोघींनी मान डोलावून मान्य केली. मोजायला मात्र मीच हवी, असा बाईंचा हट्ट. एकीने माझ्याने मोजून मला कार्यालयात ठेवायचं आणि दुसरीने तिथून न्यायचं, असं ठरलं.

पहिल्याच खेपेला दोघी कार्यालयाच्या दारात समोरासमोर आल्या आणि दोघींचे चेहरे पडले. त्या सख्ख्या नणंद-भावजय निघाल्या. एकाच घरात, नणंद वरच्या मजल्यावर आणि भावजय खालच्या. सासूबाईंच्या शिवणयंत्रावरून दोघींनी अबोला धरलेला, तोही थोडाथोडका नाही. जिन्यात गाठ पडली तरी भिंतीकडे पाहून जायच्या. आम्ही नात्यातल्या आहोत, हे विभागात सांगायचं कुणाला सुचलंही नाही. जिचं नाव घ्यायचं नाही तिचं नातं कशाला सांगा?

आधी कार्यालयाच्या खेपा वाचाव्यात म्हणून मला जिन्याच्या कठड्यावर ठेवून जायच्या. मग "पट्टी ठेवलीय" एवढं भिंतीला ऐकवायच्या. मग जिन्याच्या खेपाही नकोत म्हणून दोघी खालच्याच टेबलाशी बसू लागल्या, मी मध्ये.

"वन्सं, ही कुठल्या खान्यात घालू?"

"मी अनुकूल लिहिलंय, वहिनी."

"मग मीही तेच लिहिते. उगाच कशाला आपल्यात पुन्हा."

दुसऱ्या दिवशी नणंद माघार घ्यायची. कुठल्याशा पाण्याच्या पंपाच्या बातमीवरून नवं भांडण नको, म्हणून दोघी झटकन एकमेकींच्या मताला येत होत्या. मी लांबी मोजणारी. मला यात बरं-वाईट कळलं नाही, पण त्या घरात वरून खाली वाटीची ये-जा सुरू झाली, हे मी पाहिलं.

आकडे जुळवले तेव्हा शंभरातल्या सत्त्याण्णव बातम्यांवर दोघींचं एकमत निघालं. सर खुर्चीतून उठलेच.

बाई मात्र आकडे पुन्हा पाहत म्हणाल्या, "माणसं एवढी जुळत नाहीत, सर."

"जुळलं तरी रडताय तुम्ही. नसतं जुळलं तर काय केलं असतंत?"

उरलेली कात्रणं आणि मला घ्यायला बाई नणंदेच्या पत्त्यावर गेल्या. दार खालच्या मजल्यावर उघडलं, आणि उघडलं ते नणंदेनेच. आतून आवाज आला, "वन्सं, कोण आलंय?" आणि पाठोपाठ दुसरी वाचक, म्हणजे भावजय, हात पुसत बाहेर आली. टेबलावर कात्रणांचे दोन गठ्ठे शेजारी शेजारी मांडलेले होते.

"तुम्ही दोघी एकत्र करता?"

"हो तर," भावजय कौतुकाने म्हणाली. "एकमेकींचं बघून लिहितो, म्हणजे वाद नाही. तुमच्या कामामुळे आमचं बोलणं सुरू झालं बघा."

आता यावर कुणी काय रागवावं? बाई खुर्चीत बसल्या. त्यांनी चहा घेतला. चहा चांगला झालाय म्हणाल्या आणि मला पिशवीत घालून निघाल्या. वाटभर पिशवीबाहेर आलेल्या माझ्या टोकावर त्यांची मूठ घट्ट आवळलेली होती. त्या घाबरल्या होत्या, हे मला कळत होतं.

परिसंवाद तोंडावर आला होता. पुन्हा सगळं वाचून घ्यायला वेळ नव्हता. सर म्हणाले, "कुणाला कळणार आहे? बोलू नका."

"हेच एखाद्या कंपनीने केलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

"पहिल्या पानावर घेतलं असतं," सर म्हणाले. "मी तुमच्या लेकीचा विचार करून म्हणालो. माझी नोकरी कायमची आहे. माझं काय जातंय?"

बाईंनी एक मवाळ निवेदन लिहून काढलं. काही तांत्रिक मर्यादा, पुढील अभ्यासाची गरज, असं. एकही शब्द खोटा नव्हता आणि काय झालं ते कुणालाही कळलं नसतं. सरांनी वाचून फक्कड झालंय म्हटलं. बाईंनी पुन्हा वाचलं आणि फाडून टाकलं. "हे प्रसिद्धीपत्रक झालं, सर."

परिसंवादात त्यांनी पडद्यावरच्या सत्त्याण्णव या आकड्यावर मला टेकवलं आणि सांगितलं, "हा आकडा बाद आहे. वाचकांनी एकमेकींचं पाहून शेरे लिहिले. ते न होऊ देणं आमचं काम होतं, ते आम्ही केलं नाही." मागून कुणीतरी म्हणालं, "जनसंपर्कवाल्या बाईंनी स्वतःचाच संपर्क तोडला." हशा पिकला. सर उठून बाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. दरवर्षी परिसंवादात पहिला प्रश्न विचारायला वर जाणारा त्यांचा हात त्या दिवशी वर गेला नाही.

कायम जागेसाठी दुसऱ्याच कुणाचं नाव गेलं. करार संपेपर्यंत बाईंनी दोघींकडून सगळी कात्रणं पुन्हा वाचून घेतली, एकीने वर बसून, दुसरीने खाली. या वेळी शंभरातल्या तीसेक बातम्यांवर मतं फुटली, आणि त्या नेमक्या प्रसिद्धीपत्रकं जशीच्या तशी उतरवलेल्या बातम्या निघाल्या. एकीला त्यात कौतुक दिसलं, दुसरीला लपवाछपवी. संशोधनात सांगण्यासारखं जे काही होतं ते त्या तीस बातम्यांतच होतं. नणंद-भावजय त्यांवरून कडाडून भांडल्या म्हणे, पण चहा काही बंद झाला नाही.

करार पुन्हा झाला नाही. बाई सामान आवरायला आल्या तेव्हा लेकही आली होती. खोक्याला दोरी बांधताना तिने विचारलं, "आई, तुला गप्प बसता येत नाही का गं?"

"येतं की. पूर्वीच्या नोकरीत तेच माझं काम होतं."

लेकीने दोरीच्या गाठीवर बोट धरलं आणि आईने गाठ मारली. मला बाईंनी सरांच्या हातात दिलं. काम अजून संपलेलं नाही, म्हणाल्या.

पुढे सरही निवृत्त झाले. आता बातम्या पडद्यावर असतात आणि संगणक त्या मोजतो. मी विभागाच्या खिडकीत असते. नव्या मंडळींपैकी कुणी माझ्याने अडकलेला खण उचकटतं, कुणी डब्याचं झाकण उघडतं, आणि अलीकडे मी मधोमध जराशी वाकू लागले आहे.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. शेजाऱ्याशी उत्तर जुळलं नाही तर घाईने खोडू नका. दोन्ही उत्तरं राहू द्या. आणि कुठलीही पट्टी वाकवू नका. तुटलेली पट्टी लगेच ओळखू येते, पण वाकलेली पट्टी सगळ्यांना सारखंच चुकीचं सांगते, आणि मग सगळ्यांचं अगदी एकमत होतं.