भागूबाईंसाठी जागा बघताना

मित्रांनो, मी चाकाची खुर्ची. आता जुनी झाले आहे. माझं पुढचं एक चाक कुरकुरतं आणि सीटला दोन ठिगळं आहेत. तरी रोज माझ्यावर एक माणूस विश्वासाने बसतं, म्हणून माझी गोष्ट सांगावीशी वाटते.

कारखान्यात नळ्या वाकवून मला घडवलं, वर निळं रेक्झिन ताणून बसवलं. राहुरीच्या मच्छिंद्र गुरुजींनी मला विकत आणलं, कारण स्कूटरवरून पडून त्यांचा पाय मोडला होता. तीन महिने मी त्यांना अंगणभर फिरवलं. ते रोज ओल्या फडक्याने माझी चाकं पुसत आणि पाहुण्यांजवळ माझं कौतुक करत. पाय बरा झाला आणि माझी रवानगी गोठ्याच्या माळ्यावर झाली. तिथे एक कोंबडी दोन वर्षं माझ्या सीटवर अंडी घालत होती. तिचा मला राग नाही. ती तरी येऊन बसायची.

एके दिवशी राहुरीचाच गोरक्षनाथ गुरुजींकडून मला न्यायला आला. त्याचं बाजारपेठेत मोटार रिवायंडिंगचं छोटं दुकान होतं. त्याची आई भागूबाई राजूरजवळच्या डोंगरातल्या गावी राहायची. नवरा गेल्यावरही तिने भाताची खाचरं एकटीने सांभाळली होती. तिला अचानक लकवा झाला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली, म्हणून गोरक्षनाथने तिला राहुरीला आपल्या घरी आणलं. सगळ्या शब्दांपैकी एकच शब्द तिच्याजवळ उरला, "व्हय." चहा हवा का विचारलं तरी व्हय, नको का विचारलं तरी व्हय.

मला मात्र तिचा डावा हात कळायचा. तो सदा माझ्या दांडीवर असे. तिला बरं वाटत असलं की बोटं सैल पडत, नको असलं की घट्ट आवळत.

गोरक्षनाथची बायको सविता सासूला आत्या म्हणायची. वर्षभर तिने भागूबाईंना एकटीने उचललं, अंघोळ घातली, भरवलं. मग तिच्या मणक्यातली गादी सरकली. डॉक्टरांनी बजावलं की वजन उचललंत तर तुम्हीच अंथरुणाला खिळाल. गोरक्षनाथ दुकानात असताना एकदा भागूबाई माझ्यावरून घसरून पडल्या आणि दोन तास फरशीवर राहिल्या. शेजारी सविता बसून होती. तिला त्यांना उठवता येईना आणि दुकानातला फोन कुणी उचलेना. त्या दिवशी दोघांनी ठरवलं की आईसाठी चांगलं शुश्रूषा केंद्र बघायचं. गावाकडचे लोक नावं ठेवतील, या धास्तीने गोरक्षनाथला जेवण गोड लागेना.

पहिलं केंद्र हायवेला होतं. आरशासारखी फरशी, काचेच्या टाकीत रंगीत मासे. माझी चाकं तिथे आवाज न करता फिरली. व्यवस्थापकांनी सगळं हसतमुखाने दाखवलं. पण त्यांनी भागूबाईंची शुगर, झोप, औषधं सगळं गोरक्षनाथला विचारलं. खाली, माझ्यावर बसलेल्या भागूबाईंकडे, त्यांनी एकदाही पाहिलं नाही. हॉलमध्ये आठ आजी रांगेत टीव्हीपुढे बसल्या होत्या, आणि टीव्ही बंद होता. पाण्याच्या बाटल्या भिंतीवरच्या फळीवर होत्या. बसल्या जागेवरून एकीचाही हात तिथे पोचला नसता.

गोरक्षनाथ वाकून म्हणाला, "आये, इथं ऱ्हाशील का?"

"व्हय," भागूबाई म्हणाल्या.

त्याचा चेहरा उजळला. खोली दाखवायला त्याने मला ढकललं, पण मी हलले नाही. त्याने जोर लावला. चाक अडकलं असेल म्हणून तो खाली बसला, तेव्हा त्याला दिसलं. भागूबाईंनी डाव्या हाताने माझा ब्रेक ओढून धरला होता. बोटं पांढरी पडली होती.

सविता हळूच म्हणाली, "तोंडात व्हय हाय. हात न्हाई म्हनतोय."

गोरक्षनाथने त्या चकचकीत फरशीवर बसूनच आईची बोटं ब्रेकवरून सोडवली. मग म्हणाला, "मला व्हयच ऐकायचं हुतं गं. म्हनून तेवढंच ऐकलं."

त्यांनी फॉर्म भरला नाही.

दुसरं केंद्र राहुरीबाहेर कालव्याच्या अंगाला होतं. चौदा म्हातारी माणसं, समोर ऊस. या वेळी सविताने मुद्दाम आधी फोन केला नाही आणि आम्ही सगळे ऐन जेवणाच्या वेळी गेलो. शहाबादी फरशीवर मी खडखडत आत गेले. मोनिका नावाची सेविका एका आजोबांना भरवत होती. ती उठली नाही. "जरा थांबा, यांचा घास चालू हाय," एवढंच म्हणाली. गोरक्षनाथला ते जरा लागलं, पण सविताचा चेहरा सैलावला.

आजोबांचं तोंड पुसून मोनिका आली आणि माझ्यापुढे उकिडवी बसली. आधी तिने भागूबाईंना आपलं नाव सांगितलं, मग त्यांचं विचारलं. सविताने व्हयची अडचण सांगितली. मोनिकाने जरा विचार केला, आत जाऊन एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या हातात चहाचा कप घेऊन आली. दोन्ही समोर धरले. माझ्या दांडीवरचा हात उचलला गेला आणि चहाकडे गेला.

"आता कळलं," मोनिका म्हणाली. "आजी, आपलं जमंल."

तरी सविता लगेच भुलली नाही. रात्री कोण असतं, कुणाला पाठीला जखमा झाल्यात का, असं सगळं तिने विचारलं. मोनिकाने लपवलं नाही. मागच्या उन्हाळ्यात एका आजींना जखम झाली होती, तेव्हापासून दर दोन तासांनी कूस बदलतात, असं सांगून तिने भिंतीवरचा तक्ता दाखवला. मग न्हाणीघर बघायला गेलो आणि दारातच मी अडकले. दार दोन बोटं अरुंद होतं. गोरक्षनाथ केंद्राच्या संचालिकाबाईंना म्हणाला की दार रुंद होईस्तोवर मी आईला ठेवणार नाही. बाईंनी आठ दिवस मागितले. नवव्या दिवशी ती दोघं न सांगता मला घेऊन गेली. चौकटीचं सिमेंट अजून ओलसर होतं. मी आरामात आत गेले.

निरोपाच्या दिवशी गोरक्षनाथ दारापर्यंत जाऊन तीनदा परत आला. पहिला आठवडा भागूबाई नीट जेवल्या नाहीत, नुसता भात चिवडायच्या. मोनिकाने सविताला फोन करून विचारलं की घरी काय आवडायचं. दुसऱ्या दिवशी सविता राजूरच्या बाजारातून आणलेलं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ घेऊन आली. पाठीला पट्टा बांधून तिने केंद्राच्या चुलीपुढे मोनिकाला भाकरी थापायला शिकवलं. त्या दिवशी भागूबाईंनी अख्खी भाकरी संपवली आणि आणखी चतकोरासाठी हात पुढे केला.

आता गोरक्षनाथ दर बुधवारी आणि रविवारी येतो. सविता सासूच्या केसांना तेल लावते, गावाकडच्या गोष्टी सांगते. परवा भागूबाई खाटेवर होत्या आणि मी रिकामी होते. गोरक्षनाथ सहज माझ्यावर बसला. बसल्यावर त्याने खिडकीकडे पाहिलं. खिडकीची खालची कड त्याच्या डोळ्यांच्या वर येत होती. आई रोज ज्या खिडकीशी बसायची, तिथून तिला फक्त भिंत दिसत होती. इतके महिने उभ्याने येऊन उभ्याने जाणाऱ्या मुलाला ते कळलं नव्हतं. त्याने लगेच मोनिकाला बोलावलं आणि दोघांनी माझी जागा ओसरीत, उसाच्या समोर केली.

मित्रांनो, तुमच्या माणसासाठी कधी अशी जागा बघायला गेलात, तर फरशी बघा, दारं बघा, भरवणारा हात बघा. आणि निघण्याआधी माझ्यासारख्या खुर्चीवर क्षणभर बसा. तुमचं माणूस जिथून जग बघणार आहे, तिथून एकदा तुम्हीही बघा.