साडेतीनशेवर अडलेला काटा

मी एक जुना फुंकमीटर आहे. डॉक्टरांकडे माझं नाव भलतंच लांबलचक आहे, या घरात मात्र मला फुंकणीच म्हणतात. मित्रांनो, माझ्यात जोरात फुंकलं की माझा लाल काटा सरकतो आणि श्वासाची वाट किती मोकळी आहे ते सांगतो.

माझी मालकीण शिंपीण. दमा तिला लहानपणापासूनचा, पण बाई मोठी जिद्दीची! सकाळी उठली की आधी मी, मग रोजचा पंप, मग खळखळून चूळ. कापड कापताना नाकातोंडावर रुमाल. जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. गळ्यात टेप आणि एप्रनच्या खिशात अडीअडचणीचा निळा पंप. माझा आकडा ती कापडावर खुणा करायच्या खडूने कपाटाच्या दारावर लिहिते. मला तिचं भारी कौतुक वाटतं.

पण गणवेशांची घाई आली आणि तिची एक चूक झाली. फुंकण्याआधी माझा काटा खाली शून्यावर ढकलायचा असतो, तेच ती विसरली. काटा आदल्या दिवशीच्या साडेतीनशेवरच बसून राहिला. दुबळ्या फुंकरीने तो हलतो थोडाच? तीन दिवस दारावर साडेतीनशेच लिहिलं गेलं आणि इकडे तिचा श्वास आखडत चालला. मला ओरडायला तोंड असतं तर!

सासूबाईंचे कान तिखट. "अगं, जिना चढताना दोनदा थांबलीस."

"काही नाही हो आई, आकडा बघा ना, चांगला आहे."

"आण ती फुंकणी इकडे." सासूबाईंनी फुंकलं आणि डोळे बारीक करून पाहिलं. "माझ्या या बोळक्यातून साडेतीनशे? खोटारडं मेलं!"

शिंपिणीने काटा शून्यावर आणला, मला पुसलं आणि पुन्हा फुंकलं. दोनशे! अर्धे गणवेश मशीनवर तसेच टाकून दोघी दवाखान्यात गेल्या.

"वेळेवर आलात. आणखी एक दिवस अंगावर काढला असतात तर जिवावर बेतलं असतं," डॉक्टर म्हणाले. ते ऐकून मी लाजेने अर्धा झालो.

आता रोज सकाळी स्वयंपाकघरातून हाक येते, "काटा खाली?"

"खाली, आई!" मगच फुंकर.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर आधी त्याचा काटा शून्यावर आणा. कालच्या श्वासावर आजचा दिवस निघत नाही.