डावा कान

...कापसाचा बोळा, तेलकट, काळपट, भोंग्याच्या जाळीत बोटाने दाबून बसवलेला—आणि सुरैयाला खरं तर राग यायला हवा होता, पण बरंच वाटलं, कारण यंत्रांची सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आपल्या हिंजवडीच्या ऑफिसात गेली दोन वर्षं ती हेच सांगत आली होती की ज्या अलार्मवर माणसाने काही करायचंच नसतं तो अलार्म नव्हे, गोंगाट, आणि गोंगाटाच्या तोंडात आज ना उद्या कोणीतरी बोळा कोंबणारच. उरवड्याच्या या कारखान्यातल्या पॅकिंग लाइनची रचना तिच्याआधी कोणी केली होती देव जाणे. त्या भल्या माणसाने खोकी संपत आली तरी भोंगा, झाकण उघडं राहिलं तरी भोंगा आणि मोटर जळायला आली तरी तोच भोंगा ठेवला होता. आता ते सगळं तिने नव्याने बांधायचं होतं.

"लई वरडतंय म्याडम," लाइनवरची रोहिणी मोठ्याने म्हणाली. "अन् आमी करायचं तर कायबी न्हाई. म्हून कोंबला."

"काढ तो," सुपरवायझर किशोर म्हणाला. "ऐकू दे म्याडमना."

भोंगा वाजतच होता. रोहिणीने बोळा उपसला, तसे किशोरचे खांदे आखडले आणि तिने स्वतः कानांवर हात दाबले. सुरैयाच्या उजव्या कानात इअरप्लग होता. डाव्याचा खिशातच—हल्ली ती तो घालतच नसे—आणि तिला आवाज होता तसाच वाटला... अगदी तसाच. मग तिनेही घाईघाईने तोंड वाकडं केलं.

रमजानपासून सांगतेय मी. डाव्या कानाने ऐकू येत नाही, साबीर. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिचा नवरा पौडच्या आपल्या हार्डवेअरच्या दुकानात बिजागऱ्या मोजत होता, म्हणाला, "बरंय की, एरवी तरी माझं कुठं ऐकतेस?"—आणि गिऱ्हाइकासकट हसला. दुसऱ्यांदा जेवताना. "मळ असेल." तिसऱ्यांदा तिने ते गॅस संपत आलाय, लेकीला, मेहविशला गणवेश आखूड होतोय, मोरीतला नळ गळतोय, यांच्या रांगेत, त्याच सुरात सांगितलं... नळ त्याने दुसऱ्या दिवशी बदलला.

प्रत्येक अलार्मपुढे ती तीन गोष्टी लिहायला लावायची: काय झालं, काय करायचं, कोणी करायचं. तिसरी जागा रिकामी राहिली की अलार्म खोडायचा. यावरून ती वरिष्ठांशीही भांडली होती. मग या कानापुढे कोणाचं नाव? स्वतःचं का नाही? पिरंगुटला जाऊन कान दाखवून यायला तिला कोणाची परवानगी लागत नव्हती. पण त्याने म्हणायला हवं ना, चल—इतकी वर्षं एका ताटात जेवलेल्या माणसाने एवढं म्हणू नये? आपल्याच नियमाने आपण गोंगाटात जमा झालोय हे तिला कळत होतं, आणि कळूनसुद्धा ती हटून बसली होती, जातोय कान तर जाऊ दे म्हणत.

दुपारी कॅन्टीनच्या मागे उभी असताना फोन आला. साबीर. या वेळी तो कधी करत नाही. तिने उजव्या कानातला प्लग काढला आणि तरी फोन डाव्या कानाला लावला, जाणूनबुजून. लांब कुठेतरी पाणी उकळावं तशी बुडबुड, शब्द एकही नाही. ती मधूनमधून "हं" म्हणत राहिली. शब्दांवाचून किती सोसवतो हा माणूस, तिला वाटलं, आणि वाटल्याचं काही वाईटही वाटलं नाही. मग बुडबुड शेवटाला वर चढली आणि थांबली. काहीतरी विचारत होता. थोड्या वेळाने पुन्हा तीच चढण, जरा सावकाश, समजावल्यासारखी.

भर गिऱ्हाइकीत दुकान सोडून फोन करतोय म्हणजे... कानाचंच विचारत असेल. डॉक्टरांकडे कधी जायचं, असंही असेल. फोन दुसऱ्या कानाकडे न्यायला हात निघाला आणि हनुवटीपाशीच थांबला. ते खरं निघालं तर इतक्या महिन्यांचा हा राग घेऊन जायचं कुठे? भाजी कोणती आणू, एवढंच विचारलेलं असू दे त्याने, असं तिला अगदी मनापासून वाटत होतं.