खाचेवरची चिकटपट्टी

१९९४ साली ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागातल्या एका घरात सलोनीचं बारसं झालं. त्याच दिवशी माझं जुनं आयुष्य पुसलं गेलं. मित्रांनो, मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे.

जवळच्याच न्यू लिन भागातल्या एका दुकानातून मला लायनेल हॅडो यांनी विकत आणलं. ते इंग्लंडहून ऑकलंडला आलेले नट. सिनेमात, टीव्हीवर चाळीस वर्षं काम केलं, पण पोस्टरवर नाव कधी आलं नाही. कुठे हवालदार, कुठे पाद्री, कुठे स्टेशनमास्तर. "मी अकरा वेळा मेलोय," ते हसून सांगायचे, "आणि दर वेळी जेवणाच्या सुट्टीच्या आत!"

इकडून तिकडून मिळवलेले आपल्या कामांचे सगळे तुकडे त्यांनी एकामागून एक माझ्यात भरले. सतरा तुकडे, त्रेचाळीस मिनिटं. दुसरीकडे कुठेही ते एकत्र नव्हते. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरने माझ्या मागच्या कडेची प्लास्टिकची इवलीशी पट्टी मोडली. ती मोडली की तिथे खाच पडते आणि कुठलंही मशीन त्या कॅसेटवर दुसरं काही भरत नाही. मला वाटलं, आता आपल्याला कसली भीती?

त्या वर्षी एका मालिकेत आजोबांचं काम निघालं. अकरा भाग. एवढं मोठं काम लायनेलना आजवर मिळालं नव्हतं. निर्मात्यांनी सोमवारी जुनी कामं बघायला मागितली. एकुलती एक कॅसेट द्यायची कशी? नक्कल करायला दोन मशीनं लागतात. ती शेजारच्या शुभंकरकडे होती. शुभंकर फार्मासिस्ट, त्याची बायको वसुंधरा नर्स. शुभंकरचे वडील काशिनाथ आणि लायनेल यांची कुंपणावरून रोज गप्पांची मैफल. गुरुवारी लायनेलनी मला शुभंकरच्या हातात दिलं.

"नो वरीज, अंकल. रविवारपर्यंत कॉपी तयार," शुभंकर म्हणाला.

रविवारी शुभंकर-वसुंधराच्या मुलीचं, सलोनीचं, बारसं झालं. लायनेलही आले होते, टाय लावून. आत्याने बाळाच्या कानात कुर्र केलं तेव्हा सगळ्यांत मोठ्याने टाळ्या त्यांनीच वाजवल्या. पाहुणे गेले. शूटिंगचा कॅमेरा शुभंकरच्या मित्राचा, हरीशचा होता आणि तो संध्याकाळी परत न्यायला आला. कॅमेऱ्याची छोटी कॅसेट त्या कॅमेऱ्यातच चालायची, म्हणून शूटिंग लगेच मोठ्या कॅसेटवर उतरवायला हवं होतं. घरात कोरी कॅसेट एकही नव्हती.

"कोपऱ्यावरच्या डेअरीत सगळं मिळतं, कॅसेटही मिळेल की. जाऊन ये ना," वसुंधरा म्हणाली.

"आता कोण जातंय! ही आहे ना."

"अरे, ती अंकलची आहे!"

"दोन-दोन मिनिटांचे तुकडे गं. कोण बघणारे? त्यांना काहीतरी सांगेन मी."

आणि त्याने माझ्या खाचेवर चिकटपट्टी लावली. मित्रांनो, मशीनला तेवढं पुरतं. माझ्यावर बाळ उतरत गेलं आणि हवालदार, पाद्री, स्टेशनमास्तर पुसले गेले. लायनेलच्या अक्षरांवर नवा कागद चिकटला: सलोनीचं बारसं.

सोमवारी सकाळी लायनेल दारात आले.

"मशीनने टेप खाल्ली, अंकल. सो सॉरी," शुभंकर म्हणाला. मी मागच्या शेल्फवरच होते. लायनेलनी माझ्याकडे पाहिलंही. पण त्यांना मराठी कुठे वाचता येत होतं? ते रिकाम्या हातांनी गेले. काम दुसऱ्याला मिळालं.

महिन्याभराने काशिनाथांनी त्यांना चहाला बोलावलं आणि कौतुकाने मलाच मशीनमध्ये घातलं. काशिनाथांना यातलं काही ठाऊक नव्हतं. चाळीस मिनिटांत बारसं संपलं. कोणी बटण दाबायच्या आत पडद्यावर गुरांचा एक तरुण डॉक्टर आला.

लायनेलच म्हणाले, "हा मी. यात गाय वाचते."

काशिनाथ मुलाकडे वळले. "शुभ्या, हे काय आहे?"

"बाबा, मला वाटलं..."

"काय वाटलं? त्या माणसाचं आयुष्य होतं रे त्यात! आणि मीच त्याला बोलावून ते दाखवलं."

काशिनाथांनी मला बाहेर काढून लायनेलपुढे धरलं. लायनेलनी मला घेतलं नाही.

"राहू दे, काशी," ते म्हणाले. "आता हिच्यात तुमची सलोनी आहे."

त्यानंतर ते कुंपणापाशी कधी आले नाहीत. काशिनाथ कितीतरी दिवस तिथे उभे राहायचे.

घरात माझं खूप कौतुक झालं. "किती छान आलंय!" सगळे म्हणत. मला मात्र ते लागत असे. ज्यांनी विश्वासाने माझ्यात सगळं ठेवलं, त्यांचं मी काही राखू शकले नाही. मुलांनो, कोणी आपली वस्तू तुमच्याकडे ठेवायला दिली, तर ती तुम्हाला क्षुल्लक वाटली तरी जपा. तिच्यात काय आहे, ते देणाऱ्यालाच ठाऊक असतं. आणि चूक झालीच, तर त्याच्या दारात जाऊन खरं सांगा.

लायनेल हॅडो १९९७ च्या जून महिन्यात, एकवीस तारखेला, ऑकलंडच्या इस्पितळात वारले.